ओतणारीला उठता येत नाही

झुनिल्दाबाईंचं इंग्रजी ऐकलं की वाटायचं, बाई कुणाशी तरी भांडताहेत. त्याला कारण होतं. बुएनोस आयर्सला त्यांनी बरीच वर्षं एका इंग्रज म्हातारीची देखभाल केली, आणि ती म्हातारी ठार बहिरी. त्यामुळे भाषा आली ती ओरडतच आली. पण म्हातारीने त्यांची चूक कधी काढली नाही. बाईंचं बोलणं पुरं होईपर्यंत ती थांबायची. "कुणीतरी आपल्यासाठी थांबतंय, एवढ्यावर शिकले गं मी," असं बाई सांगायच्या.

त्यांच्या आधी आमच्या प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गाला अनास्तासिओ मास्तर होते. उच्चार सुरेख, जीभ तिखट. आम्ही सगळे घरी ग्वारानी बोलणारे, स्पॅनिशसुद्धा शाळेत मार खाऊन शिकलेले. कुणी अडखळलं की मास्तर म्हणायचे, "आधी तोंडातला चिपा गिळ, मग बोल." चीजच्या त्या पावाचं नाव निघालं की वर्ग खिदळायचा. सेफेरिना हसायची नाही. नदीकाठच्या हॉटेलात ही पोर खोल्या आवरायची. तिथे स्वागताच्या टेबलावरची जागा रिकामी होणार होती आणि मालकाने सांगून ठेवलं होतं, इंग्रजीची तोंडी परीक्षा पास हो, जागा तुझी. तिला लिहिता सगळं यायचं. तोंड मात्र मास्तरांनी असं शिवून टाकलं होतं की मला त्यांचा आजही राग येतो.

मास्तर राजधानीला गेले आणि झुनिल्दाबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी आम्हाला बाकांवरून उठवून आंब्याखाली गोल बसवलं आणि तेरेरे काढला. शिंगाच्या पेल्यात येर्बाचा पाला, वर थर्मासमधलं बर्फाचं पाणी, सगळ्यांत मिळून एकच नळी. पेला ज्याच्या हातात त्याने इंग्रजीत काहीही बोलायचं. दुसऱ्याच्या हातातल्या पेल्याची घाई तसंही आमच्याकडे कुणी करत नाही.

मी तर सुटलेच. "माझा नवरा डुक्कर आहे," मी ठोकून दिलं. म्हणायचं होतं की तो डुकरं पाळतो.

"असू दे, ब्लासिदा," बाई पोट धरून हसत म्हणाल्या, "आता त्याचे गुणही सांग!"

सेफेरिनाने यातूनही पळवाट काढली. पहिला पेला मुकाट प्यायची आणि आभार मानायची. आमच्यात आभार मानले की संपलं, पेला पुन्हा तुमच्याकडे येत नाही. रोजचंच झालं हे.

"बाई, जरा दरडावा की तिला," मी म्हटलं. "परीक्षा तोंडावर आलीय."

"दरडावून झालंय तिला. त्याने काय झालं ते बघतेस ना?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी थर्मास सेफेरिनाच्या मांडीवर ठेवला. "माझं मनगट दुखतंय गं. तू ओत." ओतणारीला उठता येत नाही. शेवटचा माणूस आभार मानेपर्यंत तिला बसावंच लागतं, आणि प्रत्येकाला विचारावंही लागतं. बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे बघून इंग्रजीत पुटपुटली, "अजून... पाहिजे?"

पाहिजे म्हणाले. पोटाचा नगारा झाला तरी पाहिजेच म्हणत राहिले. हळूहळू ती आणखी विचारायला लागली. गार आहे का, मावशी पाठ कशी आहे, पोरगा आला का. बाईंचं मनगट काही परीक्षेपर्यंत बरं झालं नाही.

परीक्षक राजधानीहून आले, त्या उकाड्यात टाय लावून. मी आणि बाई व्हरांड्यात उघड्या खिडकीपाशी उभ्या होतो.

"तुमच्या कुटुंबाविषयी सांगा," आतून आवाज आला. सेफेरिना गप्प. "बरं, कामाविषयी?" तरी गप्प. कागद आवरल्याची सळसळ झाली. बाईंनी माझा दंड इतका आवळला की मी ओरडणारच होते.

तेवढ्यात सेफेरिनाचा बारीक आवाज आला. "साहेब, तुम्ही बसने आला? ऊन खूप. पाणी आणते मी?"

कागदांची सळसळ थांबली. मग परीक्षक म्हणाले, "आणा. सकाळपासून कुणी विचारलं नाही."

"आज रात्र इथे राहता तुम्ही?"

"राहावं लागेल. बरं हॉटेल आहे का गावात?"

मग काय, पोरगी सुटली. नदीचा वारा कुठल्या खोलीत येतो, कुठल्या खोलीमागे कोंबडा आरवतो, न्याहारीला काय मिळतं. क्रियापदं कुठच्या कुठे, पण एकही गोष्ट कळली नाही असं झालं नाही. परीक्षकांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

बाई तिथेच जमिनीवर बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"किती चुका करतेय बघ," त्या म्हणाल्या, "आणि थांबत नाहीये."

दार उघडलं. परीक्षकांनी बाईंच्या हातात कागद दिला. पास. मला असा हुंदका आला की मी रुमालाऐवजी बाईंच्याच खांद्याला नाक पुसलं. सेफेरिनाने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने परीक्षकांची बॅग उचलली आणि पुढे झाली. "या साहेब," इंग्रजीत म्हणाली, "हॉटेल या बाजूला."