बाबांचं खोटं मी पकडलं

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्हा विज्ञानाच्या शिक्षकांना चंद्रपूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. विषय होता 'मेंदू आणि संवाद'. बाहेर ऊन बेचाळीसच्या पुढे, सभागृहात एकच पंखा, तोही नुसता आवाज करणारा, आणि बाहेरगावाहून आलेले साहेब कोट घालून उभे. मुलं खोटं बोलताना कशी ओळखायची, हे ते आम्हाला शिकवणार होते. वीस-वीस वर्षं 'वही घरी राहिली मॅडम' ऐकत आलेल्या बायांना! पण जेवणात गुलाबजाम होते, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

साहेब म्हणाले, खरं बोलायला मेंदूला फारसे कष्ट पडत नाहीत. खोट्याचं तसं नाही. कपाळामागच्या भागाला खरं दाबून धरावं लागतं, त्याच्या जागी दुसरं रचावं लागतं, आणि वर समोरच्याच्या तोंडाकडे बघून त्याला ते पटतंय का, हेही क्षणाक्षणाला ताडावं लागतं. समोरासमोरच्या खोट्यात दोन मेंदू राबतात, एक बोलणाऱ्याचा आणि एक ऐकणाऱ्याचा. या ओझ्यापायी माणूस अडखळतो, नजर चुकवतो, नाक खाजवतो, असं साहेबांचं म्हणणं. मी ते सगळं लाल पेनाने उतरवून घेतलं. शाळेतल्या पोरांसाठी नव्हे. मला घरी बाबांना पकडायचं होतं.

माझी शाळा गोंडपिपरीला आणि घर जवळच्या गावात. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा दोघंच. आमच्या शेताच्या धुऱ्यापलीकडे जंगल सुरू होतं आणि त्या वर्षी त्या जंगलात एका वाघाने मुक्काम ठोकला होता. पलीकडच्या गावातली एक बाई त्याने नेली. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरली, मोहाची फुलं वेचायला जंगलात जाऊ नका म्हणाली. गावाने ते अतिशय आदराने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दुसऱ्या वाटेने जंगल गाठलं.

त्यात बाबा होते आणि शेजारचे भाऊ होते. सारा गाव त्यांना भाऊच म्हणायचा. मोहाच्या दिवसांत या दोघांची जोडी चाळीस वर्षांची. एकाने वाकून फुलं वेचायची, दुसऱ्याने त्याच्या पाठीशी काठी घेऊन उभं राहायचं आणि झुडपांकडे बघत मोठ्याने काहीबाही बोलत राहायचं. टोपली अर्धी झाली की अदलाबदल. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात, म्हणून त्याच्या मागे उभा माणूस पाहिजे. आमच्याकडे हे लहान लेकराला ठाऊक असतं. मलाही होतं.

प्रशिक्षणाहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांसमोर बसले आणि विचारलं, "कुठी गेल्ते बाबा?"

"मारुतीच्या पारावर बसलो होतो."

"जंगलात नाई गेले?"

"नाई व. काऊन जाऊ?"

आवाज शांत, नजर सरळ माझ्या डोळ्यांत. वर पारावर कोण काय म्हणालं, कोणाची गाय व्याली, हेही तपशिलासकट ऐकवलं. साहेबांच्या यादीप्रमाणे माझे वडील म्हणजे साक्षात हरिश्चंद्र. सतत खोटं बोललं की मेंदूतली टोचणी बोथट होत जाते, हे मी फार नंतर वाचलं. बाबांची तर आईने चाळीस वर्षं तालीम घेतलेली. तीन दिवस मी रोज विचारलं आणि तीन दिवस ते रोज पारावर होते.

चौथ्या दिवशी माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. तळवे राखेने काळे. मोहाच्या झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात, म्हणजे पडलेलं फूल नीट दिसतं.

"पारावर आग लागली होती का?"

बाबांनी पाय आखडून घेतले आणि हसले. "चंदरपूरले तुले पाय पाहाले शिकवलं वाटते."

मी काही हसले नाही. आईनंतर माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं आणि ते रोज पहाटे वाघाच्या तोंडाशी जाऊन येत होतं. मला राग आला होता आणि भीतीही तेवढीच होती. मी त्यांचा हात ओढून माझ्या डोक्यावर ठेवला. "म्हणा, नाई जाणार."

"मंग भाऊच्या मांगं कोन उभा राहीन?"

"भाऊ बी नाई जाणार. त्याईले मी सांगते."

बाबांनी शपथ घेतली. आणि पाळली. आयुष्यभर बिनधास्त खोटं बोललेला हा माणूस नेमका त्याच वेळी शब्दाला जागला.

विजयाच्या धुंदीत मी शाळेत जाता जाता भाऊंच्या दारात गाडी थांबवली. इंजिनही बंद केलं नाही. "भाऊ, बाबा आता येणार नाई. तुमी बी जाऊ नका."

"नाई जात ना, पोरी. मले का... मले का मराचं हाय?" भाऊ म्हणाले. म्हणताना जमिनीकडे बघत होते. मग नाक खाजवलं, मग उगाच कोंबड्या हाकलल्या. साहेबांच्या यादीतली एकूण एक खूण त्या बिचाऱ्या चेहऱ्यावर होती. एवढा अडाणी खोटारडा मला वर्गातसुद्धा भेटला नव्हता. आणि मी म्हटलं, "बरं झालं भाऊ," आणि गाडी पुढे काढली. पहिल्या तासाला उशीर होत होता. माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकलं की त्याचा मेंदू लगेच दुकान बंद करतो, हे साहेबांनी काही सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल, मी गुलाबजाम खात असेन.

पाचव्या दिवशी शाळेतच फोन आला. भाऊ एकटेच गेले होते. टोपली जवळजवळ भरलेली सापडली. वाकून वेचत असताना मागून झालं, असं वनखात्याची माणसं म्हणाली.

बाबा मातीला जाऊन आले आणि ओसरीत बसून राहिले. त्यांच्यासमोर कोणी काही बोलत नव्हतं. गाव माझ्याशीही नीटच बोलत होता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. जोडी मी मोडली होती. हुशारी दाखवून, लाल पेनाने लिहून घेऊन. मला लाज वाटत होती. अजून वाटते.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांना ताट वाढलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊ एकटाच होता का व?"

"नाई बाबा. जिवतीवरून त्याईचा साडभाऊ आला होता. तो उभा होता मांगं."

खरं दाबून धरणं, न आलेला साडू उभा करणं, बाबांचा चेहरा वाचणं, कपाळामागची सगळी कामं मला एकेक करून जाणवत होती. बाबांची नजर माझ्यावरच होती. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही म्हणता काही कळलं नाही.

"मंग बरं," ते म्हणाले. "मांगं मानूस होता."

दोन घास खाल्ले. मग ताट सरकवून गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "आन मी तं तसाई जानार नोहतो त्या दिवसी. तुही सपत नसती तरी. टोंगळे धरले होते माहे."

त्या दिवशी पहाटे हेच बाबा विहिरीवरून चार खेपा पाणी भरून आले होते. दार मीच उघडलं होतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "मले माहीत होतं."