हळदीचं पेव

शारजाच्या गोदामात आज आमचा कंटेनर उघडला आणि सांगलीच्या हळदीचा वास अंगावर आला. कीड लागू नये म्हणून माल भरताना आत औषधाचा गॅस सोडतात. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, अंदर दवा की गॅस होगी, आप बाहर रुको."

मला बाबा गेल्यानंतरचा पहिला हंगाम आठवला. हळद साठवायचं आमचं पेव, म्हणजे जमिनीतलं खोल कोठार, दीडशे वर्षांपूर्वी खापरपणजोबांनी खोदलेलं. आतली हवा कोंदून माणूस मरू शकतो, म्हणून आधी मालकाने उतरायचं, हा त्यांचा नियम. काका म्हणाले, "वहिनी, धंदा विकून टाकू." आईने कंदील आत सोडला. तो विझला नाही, तशी ती पदर खोचून उतरली. वर मी रडत होते. तिला माझी काळजीच नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

मी मास्क चढवला. "पहले मैं," म्हटलं. बाहेर थांबणं माझं त्याच दिवशी करून झालंय.