लांबी या नावाची चूक

साठच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरात आमच्या संशोधन संस्थेत संगणक नुकताच आला होता. विमानाच्या भागांवर किती ताण येईल, याची गणितं मी त्यावर करत असे. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक मापाला इंग्रजी अक्षरांत एक नाव द्यावं लागे. बाहेर सगळं कन्नड, पण मोजमाप म्हटलं की मला मराठीच सुचायचं. दांड्याच्या लांबीला मी 'लांबी' हेच नाव दिलं. साहेब हसले, पण चालवून घेतलं.

एका सकाळी दुसऱ्याच कामासाठी मी ती लांबी कागदावर छापून घेतली. १.९ फूट यायला हवं होतं. आलं नुसतं १.

प्रोग्रॅमचं भोकं पाडलेलं एखादं कार्ड चुकलं असेल म्हणून पुन्हा चालवलं. पुन्हा १. मग नियम आठवला. आयपासून एनपर्यंतच्या अक्षराने सुरू होणारं नाव असलं, की यंत्र दशांशचिन्हापुढचे आकडे गाळून टाकतं. माझ्या लांबीचं पहिलं अक्षर एल. म्हणजे यंत्राने दांडा जवळजवळ निम्मा आखूड धरला होता, आणि आखूड दांड्याच्या मुळाशी ताण कमी येतो, म्हणून ताणही निम्माच दाखवला होता. आणि त्या आकड्यांवर बेतलेला दांडा त्या घटकेला चाचणीच्या शेडमध्ये वजनाखाली होता.

मी धावत सुटले. वाटेत चपलेचा पट्टा तुटला, ती तिथेच टाकली. शेडचे फोरमन म्हातारे कन्नडिग होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. वजन चढत असताना वाकून, कान लावून ऐकायची त्यांना सवय होती. तेच डोळ्यांपुढे येत होतं.

मी दारातूनच ओरडले, "अण्णा, निल्लिसि! थांबवा!"

ते दांड्यापासून हातभर अंतरावर वाकलेले होते. "येनम्मा?" काय झालं, असं त्यांनी विचारलं.

"आधी मागे व्हा!"

ते मागे सरले. त्यांनी काही न विचारता एकेक वजन उतरवायला लावलं. दांड्याच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली होती.

नोकरी गेलीच, असं धरून मी साहेबांसमोर उभी राहिले. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. "तपासून सही मी केली होती," एवढंच म्हणाले. दुपारभर आम्ही दोघांनी सगळे जुने प्रोग्रॅम चाळले. जे अक्षराने सुरू होणाऱ्या 'जाडी'तही तीच चूक निघाली. तो भाग अजून बनला नव्हता.

पुढे कित्येक महिने शेडकडून धातूचा आवाज आला, की मी हातातलं टाकून उभी राहायचे.