मागच्या पडवीतला बादशहा

माझी आत्या लहानपणीच विधवा होऊन रत्नागिरीला माहेरी परत आली. पोथी वाचता यावी म्हणून काकांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, तिला अक्षरं शिकवली होती. पुढे ती कादंबऱ्याही वाचू लागली हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काका कोर्टात कारकून. घरात त्यांच्यासमोर कुणी मोठ्यानं बोलत नसे.

माझे वडील मुंबईला नोकरी करायचे. त्या वर्षी शिमग्याला आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक जाडजूड कादंबरी होती. उत्तरेकडच्या कुणा बादशहाची. सगळी कल्पनेतली, पण आम्हाला ती अगदी खरी वाटली. वडील परत गेले, कादंबरी आत्याकडे राहिली.

वैशाखात मागच्या पडवीत फणसाचे पापड चालत. आई आणि शेजारच्या दोघी-तिघी केळीच्या पानांवर पापड थापत आणि आत्या वाचून दाखवी. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. समुद्रापलीकडे काही असेल हेसुद्धा माझ्या डोक्यात नीटसं शिरलेलं नव्हतं. आणि हा बादशहा निघाला की त्याचे पुढचे हत्ती मुक्कामाला पोचत तरी मागचे अजून शहराच्या वेशीतच असत! आम्ही थापायचं विसरायचो.

"एवढं राज्य एकटा माणूस ध्यानात तरी कसं ठेवील गो?" शेजारची काकू विचारायची.

"त्याला विचार," आत्या म्हणायची आणि पान उलटायची.

कथेत बादशहाच्या लाडक्या मुलानं बंड केलं, त्यात तो हरला, आणि त्याला बेड्या घालून दरबारात आणलं. त्या दुपारी आत्या वाचता वाचता उठून उभी राहिली. पुस्तक हातात होतं, पण तिची नजर त्यावर नव्हती. बहुधा आदल्या दिवशीच तिनं ते पान पाठ केलं असावं. तांबडं आलवण, केस काढलेलं डोकं, रोज दोन वेळा फोडण्या घालून पोळलेले हात. आवाज मात्र तिचा नव्हता. खर्जातला, सावकाश, कसली म्हणून घाई नसलेला.

"शहजाद्याला माझ्यासमोर उभं करा. आज मी कुणाचा बाप नाही."

शेजारची काकू फणसाच्या गऱ्यांनी बरबटलेले हात तसेच धरून चक्क उठून उभी राहिली. आपण उभ्या आहोत हे तिला बहुतेक कळलंच नाही.

तेवढ्यात काका मागच्या दारात आले. कोर्टातून लवकर सुटले होते. मागच्या बाजूनं पुरुषाचा आवाज ऐकून घरात कोण शिरलं म्हणून हातात काठीच घेऊन आले होते. आत्याचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. बादशहा बोलत राहिला, तख्ताबद्दल, प्रजेबद्दल, त्या मुलाला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं त्या सकाळबद्दल. काठी धरून काका ऐकत उभे. मग आत्याला ते दिसले. तिनं पदर पुढे ओढला आणि मटकन खाली बसली. आईनं माझा दंड धरला.

शेवटी काकाच म्हणाले, "मग? सोडला का पोराला?"

"पहिला भाग इथंच संपतो, दादा," आत्या खाली बघत म्हणाली.

"आणि दुसरा?"

"आपल्याकडे नाही."

काका काठी घेऊन निघून गेले. संध्याकाळी त्यांनी वडिलांना पत्र टाकलं. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत दुसरा भाग आला. आत्याच्या हातात त्यांनी तो दिला नाही. झोपाळ्यावर ठेवून "कुणाचं पुस्तक पडलंय बघा" म्हणाले आणि बाहेर गेले.

मृगाच्या पावसात वाचन माजघरात आलं. काका ओटीवर पानाचं तबक घेऊन दाराकडे पाठ करून बसत. बादशहानं मुलाला मारलं नाही. समोरच्या टेकडीवरच्या किल्ल्यात कैद केलं, आणि रोज संध्याकाळी महालाच्या गच्चीतून तो त्या किल्ल्यातला दिवा बघू लागला. एका संध्याकाळी दिवा लागला नाही. तिथं आत्या थांबली. बाहेर अडकित्त्याचा आवाज केव्हाच थांबला होता.

"वन्सं, वाचा ना," आई हळूच म्हणाली.

"जरा थांब. त्याला कळू दे," आत्या म्हणाली.

एवढा मोठा बादशहा आमच्या माजघरात बसलाय आणि त्याचं दुःख त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर आम्ही सगळ्यांनी वाट बघायची आहे, असं मला वाटलं. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

पुढे आळीतल्या बायकांनी वाचनाचा वर्ग काढला तेव्हा शिकवायला आत्यालाच बोलावलं. काका म्हणाले, "जा. पण तो दरबार उभं राहूनच वाच." ती गेली, आणि मग डोळे अधू होईपर्यंत जात राहिली.

मी लग्न होऊन सासरी निघाले तेव्हा तिला विचारलं, "आत्या, तुला कधी बादशहा व्हावंसं वाटलं का गो?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "झाले होते की! तू नव्हतीस का तिथं?"