मैसुरी पेटा
श्रमाचा सन्मान करणारा समाजच मोठा होतो. चंदनाच्या हाराचा वास आला की आमच्या पुणेकर अध्यक्षांचं हे वाक्य आठवतं. किमान वेतन वाढलं म्हणून मारतहळ्ळीतल्या आमच्या सोसायटीने दोन्ही वॉचमनचा मैसुरी पेटा, म्हणजे इथली जरीची पगडी, आणि हार घालून सत्कार केला. टाळ्या थांबल्यावर बेळगावकडच्या म्हाताऱ्या वॉचमनने हळूच विचारलं, “साहेब, वाढ एक तारखेपासून ना?” “हो, पण एकालाच. मागचं गेट बंद करतोय. अण्णा, तुम्ही आता आराम करा,” अध्यक्ष म्हणाले. हार चाचपत तो म्हणाला, “घरी फोन करून सांगून बसलोय की हो, पगार वाढला म्हणून.” गेट बंद करायच्या ठरावाला मीही हात वर केला होता. पेटे भाड्याचे होते. त्याच्या डोक्यावरचा मीच उतरवून घेतला.