घ कापून केलेला ध

एका अक्षरावरून उघडकीस आलेला तो गुन्हा मी अजून विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकाचा शेवट. मी नागपुरात फौजदार होतो. सावनेरच्या एका औषध दुकानदाराने एक बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली. लहान मुलांच्या पोटदुखीवर तेव्हा 'घनसुधा' नावाचे औषध घरोघर असे. ही बाटली हुबेहूब तशीच, पण आतले औषध बनावट. ते पाजल्यामुळे एका खाणकामगाराची आठ महिन्यांची मुलगी इस्पितळात बेशुद्ध पडली होती.

दुकानदाराच्या खबरीवरून लेबले छापणाऱ्या छापखान्याचा मालक ठाण्यात आणला. तो अगदी शांत होता.

"साहेब, नीट वाचा. घनसुधा नाही, धनसुधा हाय. गिऱ्हाइकानं ध लिहून देल्ला, मी ध छापला. माह्यी काय चूक?"

मी भिंग लावले. पहिल्या अक्षराच्या शिरोरेषेत केसाएवढी फट होती. म्हणजे ध! दोन दिवस तो याच उत्तरावर अडून राहिला.

शेवटी सीताबर्डीच्या दुसऱ्या छापखान्यातल्या, छपाईचे खिळे जुळवणाऱ्या एका बाईंना बोलावले. वीस वर्षे त्यांनी शिशाची अक्षरे हाताळली होती. लेबल पाहताक्षणीच त्या म्हणाल्या, "हा ध नोहे, साहेब. ध ले डाव्या अंगानं आकडा रायते. पुढं 'सुधा'तला ध पाहा, त्याले हाय. मंग पहिल्याले काहून नाही? कोणी तरी घ ची रेघ कानशीनं कापली. गिऱ्हाइकाले घ दिसावा, अन् पकडलं तं ध म्हणता यावा."

पंचांसमक्ष छापखान्याची झडती घेतली. टाकाऊ खिळ्यांचा डबा भरलेला होता. बाईंनी डोळे मिटले आणि एकेक खिळा अंगठ्याखालून सरकवू लागल्या. उलटी, राईएवढी अक्षरे! पाव तासाने त्यांचा अंगठा थांबला.

"घ्या. हाच."

कानशीची ताजी खूण भिंगातून स्पष्ट दिसली. मग मालकाने सगळे कबूल केले. औषध त्याचाच मेहुणा बनवत होता. दोघांनाही शिक्षा झाली. मुलगी वाचली.

औषधांची व्यापारी नावे नोंदवणाऱ्या कचेरीला मी अहवाल पाठवला : नाव कानाला वेगळे लागते एवढ्यावर मंजूर करू नका, डोळ्याला वेगळे दिसते का तेही तपासा. उत्तर आले नाही.

बाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या. मी पदवीधर, तरी भिंगातूनही फसलो. कागद वाचायला मला शाळेने शिकवले होते. पाहायला त्या बाईंनी शिकवले.