भाड्याच्या सिनेमातला भाऊ

हॉटेलांच्या चादरी जिथे धुवायला यायच्या, त्या लॉन्ड्रीत तिला सगळे इस्त्रीबाई म्हणायचे. नाव असेलच काहीतरी, पण त्या वाफेच्या फुसफुसाटात ते घेणार कोण? दिवसभर उभं राहून ती जगाच्या चादरींच्या सुरकुत्या मोडायची आणि संध्याकाळी स्वतःचं चुरगळलेलं अंग घेऊन घरी यायची. ती दारात चप्पल काढायची, तेव्हा नवरा तिथेच बूट घालत असायचा. तो एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन.

"भाजी झाकून ठेवलीय," तो म्हणायचा.

"डबा घेतलात ना?" ती म्हणायची. झाला संसार.

लग्न होऊन गेलेल्या लेकीला हे बघवेना. तिने टीव्हीवर भाड्याने सिनेमे मिळायची सोय करून दिली. "थिएटरला जाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आई. एकदा सुरू केला की दोन दिवस आपला, हवा तेव्हा बघा. मग आपोआप बंद होतो." फुकट नाही, पण अंगावर येण्याइतकं महागही नाही, हे दोघांना पटलं. आठवड्याला एक सिनेमा ठरला. शनिवारी संध्याकाळी तो कामावर गेला की तिने बघायचा. रविवारी सकाळी तिला अर्धा दिवस लॉन्ड्री असायची, कारण हॉटेलांना कसली आलीय सुट्टी? तेव्हा घरी परतून त्याने बघायचा. आणि दुपारी जेवताना दोघांनी त्यावर बोलायचं. आठवड्यातलं तेवढंच एक जेवण एकत्र व्हायचं.

त्याआधी त्या जेवणाला विषय दोनच होते. नळ गळतोय आणि गॅस संपत आलाय. ते संपले की नुसते चमच्यांचे आवाज. भाड्याच्या सिनेमाने दोघांना वाचा फुटली. पहिल्याच सिनेमातल्या सासऱ्यावरून अशी जुंपली, की वाद अर्धा राहायला नको म्हणून नवरा चक्क तिच्या शेजारी भांडी विसळायला उभा राहिला. लग्नानंतर इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. त्या दिवशी तिला फार बरं वाटलं.

पण अंग कुठवर ऐकणार? तिसऱ्या की चौथ्या सिनेमाला ती पाय वर घेऊन बसली आणि डोळा लागला. जाग आली तर सिनेमा आपला आपण संपूनही गेला होता. उद्या बोलायचं काय?

"शेवट मात्र मनाला लागला," दुसऱ्या दिवशी तिने अंदाजाने ठोकून दिलं.

"लागणारच," नवरा म्हणाला, आणि ती सुटली.

मग दर शनिवारी तेच होऊ लागलं. सुरुवात बघायची, बाकीचं झोपेच्या हवाली करायचं आणि रविवारी मोघम बोलून वेळ मारून न्यायची. खोटं बोलायची लाज वाटायची तिला. पण सिनेमा नको म्हटलं असतं तर पुन्हा नळ आणि गॅस आला असता, आणि ते तिला आता सोसलं नसतं.

त्या रविवारी लेक जेवायला आली होती. या खेपेच्या सिनेमात एक खलाशी होता आणि त्याची दुकान चालवणारी बायको. जहाज बंदरातून सुटलं, इथवर इस्त्रीबाई जागी होती.

"त्याचा भाऊ परत येतो ना, तो भाग काय सुरेख आहे," नवरा म्हणाला.

"अगदी!" तिने संधी सोडली नाही. "तो दारात येऊन उभा राहतो, तेव्हा मला तर हुंदकाच फुटला."

"मलाही भरून आलं."

लेकीचा घास हातातच राहिला. "कुठला भाऊ? मी परवाच पाहिलाय तो. त्याला भाऊच नाहीये, बाबा! दुकान जळतं आणि ती बाई एकटी निघून जाते."

नवऱ्याची मान खाली गेली. इस्त्रीबाई त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे हाही?

लेक हसून हसून लाल झाली. "दोघंही घोरत होतात तर! भाडं सगळं पाण्यात. बंदच करून टाकते ती सोय."

"नको," दोघं एकदमच म्हणाले. ते इतक्या कळवळून आलं की लेकीचं हसू थांबलं. तिने विषय बदलला आणि जेवण आटोपून ती गेली.

घरात नळाचा टपटप आवाज तेवढा उरला. झालं, पुढच्या रविवारपासून हेच, असं वाटून तिला रडू येऊ लागलं. दोन दमलेली माणसं इतके दिवस एकमेकांसाठी जागी असल्याचं सोंग करत होती. त्यात लेकीने हसण्यासारखं काय होतं?

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिले दोन तेवढे पाहिले. नंतर खुर्चीत टेकलो की संपलं."

"मग तो भाऊ कुठून काढलात?"

"जहाज सुटेपर्यंत बघितलं होतं." तो ओशाळला. "पुढे वाटलं, कोणीतरी परत यावं."

ती उष्टी ताटं उचलून मोरीशी गेली. जरा वेळाने तो मागोमाग आला आणि तिच्या शेजारी उभा राहून भांडी विसळू लागला.

"अगं, पण तो दारात उभा राहिला म्हणालीस," तो म्हणाला. "मग दार कोणी उघडलं?"

तिने हातातलं ताट दोनदा घासलं.

"उघडंच होतं दार," ती म्हणाली. "घरात दोघंही जागी होती."